हनुवटी पाहायला मोहाडीला

भंडाऱ्याहून मोहाडी एसटीनं तासाभराच्या आत. तरी मला निघायला तानाबाईंचा फोन यावा लागला. "भाऊ, येऊन जा. दात काढले तेव्हापासून श्रावण तोंडावर दुपट्टा घेऊनच बसून राहिला. कवळी लावत नाही, चारचौघांत जेवत नाही. उद्या शाळेनं शिकवायले बोलावलं, तं नाही म्हणते."

श्रावण माझा मित्र, तानाबाई त्याची थोरली बहीण. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्याआधीची कितीतरी वर्षं आम्ही मोहाडीच्या शाळेत बरोबर काढली. तो कवट्या शिकवायचा, मी कविता. मधली भिंत पातळ. माझ्या वर्गाला चिंपांझीचे सुळे पाठ, त्याच्या वर्गाला माझी वृत्तं.

सकाळची गाडी धरा, खिडकी मिळते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. वरठी गाव सुटलं की दोन्हीकडे शेतं. धान कापून पुंजणे रचलेले, ओल्या मातीत लाखोळीची कोवळी हिरवळ. शाळेतल्या कवितेची एक ओळ ओठांवर आली, पुढची काही केल्या आठवेना. पूर्वी वर्गात असं अडलं की श्रावण भिंतीपलीकडून सांगायचा.

तानाबाई हातमागावर बसल्या होत्या. धागा दातानं तोडत त्यांनी आत बोट दाखवलं. दुपट्ट्याआडून आवाज आला, "कवी, तू कायले आला बे?"

"कवट्या पाहायला. चल."

"मी नाही येत. पोरं हसतीन."

"हसतीन तं हसतीन," तानाबाई म्हणाल्या. "जन्मभर तूच हसवलं ना त्यायले?"

'फक्त पाहायला' म्हणून आला, आणि वर्गात शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी बसला. विज्ञानाच्या नव्या बाईंनी टेबलावर प्लास्टरच्या दोन कवट्या मांडल्या होत्या. त्या छान सांगत होत्या : दात दोघांनाही बत्तीसच. पण चिंपांझीचे सुळे लांब, म्हणून खालचा सुळा बसायला वरच्या ओळीत फट. भुवईचं हाड पुढे आलेलं, आपलं कपाळ उभं.

"मॅडम, माणसाचा खालचा जबडा कुठी आहे?" एका मुलीनं विचारलं.

"फुटला म्हणतात खूप आधी."

मी मान खाली घातली. स्नेहसंमेलनात कवटी हातात घेऊन कविता म्हणताना तो जबडा माझ्याच हातून पडला होता. 'माझ्या हातून फुटला,' असं श्रावणनं मुख्याध्यापकांना सांगितलं होतं.

"हनुवटी फक्त माणसाला असते," बाई म्हणाल्या, "पण जबडाच नाही तर दाखवू कशी?"

शेजारून पुटपुटणं आलं.

"सर, आयकू नाही आलं!" पोरं ओरडली.

श्रावण उठला. टेबलापर्यंत गेला आणि दुपट्टा खाली ओढला. तोंड आत गेलेलं. कोणीतरी खुदकन हसलं.

"हसा," तो म्हणाला. "दात गेले का जबड्याचं हाड झिजते. पण हे टोक पाहा, उलट पुढंच आलं." त्यानं हनुवटीवर बोट ठेवलं. "चिंपांझीचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. पण हे आहे का त्याच्यापाशी?"

सगळ्या वर्गाचे हात आपापल्या हनुवटीवर गेले. माझाही.

परतीच्या गाडीआधी स्टँडसमोर तर्री पोहे घेतले. झणझणीत असतात, तर्रीतले चणे मात्र निबर. श्रावण भरल्या हॉटेलात दुपट्टा बाजूला ठेवून जेवला आणि चणे वेचून माझ्या ताटलीत टाकत राहिला. मी सकाळची ती ओळ म्हटली आणि अडलो. त्यानं पुढची म्हटली, मग तिच्या पुढची. अक्षरं हिरड्यांवरून घसरत होती. शेजारचे वळून पाहायला लागले. तो थांबला नाही.

घरी येऊन आठवडा झाला. दाढी करताना हनुवटीपाशी हात रेंगाळतो. ती पुढची ओळ परत विसरलो आहे. असू दे. मोहाडी तासाभराच्या आत आहे.