परातीतलं मलम

आमच्या तानावहिनीले पंक्तिप्रपंच खपत नाई. आमच्या बोरी अरब गावात कोणाच्याही लग्नात वाढणाऱ्यानं एकाले बुंदी जास्त अन् दुसऱ्याले कमी टाकली, की हे बाई भर मांडवात त्याच्या हातातलं घमेलं हिसकून घेते. मी घनश्याम, तिचा सख्खा दीर. मीही तिच्यासमोर तोंड उघडत नाई.

माझी पोरगी समीक्षा यवतमाळले औषधाच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाले. तिनं तरोट्याच्या बियांपासून गजकर्णाचं मलम बनवलं. तरोटा म्हणजे टाकळा, शेताच्या धुऱ्यावर माजते अन् आपण पावसाळ्यात ज्याची भाजी खातो, तोच. मलमानं गुण येते हे दाखवलं तर पोरगी पास, नाई तर साल वाया.

आता गजकर्णवाले पाहिजे होते. गावात खाजवणारे ढीगभर, पण कबूल कोण करते? "मले नाई बाप्पा, मित्राले आहे," म्हणत एकेक जण मागच्या दारानं आला. मी तर घरातलाच, तरी मागच्याच दारानं आलो.

समीक्षानं निम्म्या डब्यांत तरोट्याचं मलम भरलं, निम्म्यांत साधंच, फरक दिसावा म्हणून. वाटायचं काम वहिनीकडं देऊन ते कॉलेजले गेली. वहिनीनं डब्या हुंगल्या. एकीले वास, दुसरीले कायचाच नाई.

"एकाच गावचे लोक, अन् कोणाले खरं, कोणाले खोटं? कायले शिकवलं या पोट्टीले!"

झालं! सगळ्या डब्या परातीत ओतल्या, कणकेसारखं कालवलं अन् सगळ्याइले सारखं भरून देल्लं. पंधरा दिवसांनी समीक्षा आली तं सगळ्याइचीच खाज सारखीच थोडी थोडी कमी. खरं काय ते कळल्यावर पोरगी पायरीवर बसून रडाले लागली. मंग मात्र माझं डोकं फिरलं.

"वहिनी, पोरीचं साल खाल्लं ना वो तुमी!"

वहिनीनं पदर खोचला. मंग बाह्या वर केल्या. दोन्ही कोपरांजवळ हे मोठ्ठं गजकर्ण! कोणाले दाखवलं नव्हतं बाईनं. "घे माय, माह्यावर कर काय करायचं ते."

समीक्षानं डोळे पुसले. "मोठे आई, दोन्ही हाताले आहे? मंग एका हाताले एक, दुसऱ्याले दुसरं! कोणावरच अन्याय नाई." अंगावर दोन जागी असलेले आणखी लोक तिनं शोधले, अन् पहिल्यापासून सुरू केलं.

परीक्षेच्या दिवशी पेशंट म्हणून वहिनीले नेलं. परीक्षा घेणाऱ्या सरांनी काही विचारायच्या आतच वहिनी उठली अन् दोन्ही हात टेबलावर आदळले.

"पाहा साहेब, हे पोट्टी लबाड आहे! उजवा हात साफ केला, अन् डावा तसाच खाजून राह्यला. काहून? डाव्यानं काय घोडं मारलं? त्यालेही तेच मलम पाहिजे, आत्ताच्या आत्ता!"

समीक्षा हसत हसत रडून राह्यली होती. वहिनी भांडतच होती, अन् सर खाली मान घालून मार्क देत होते.