हळू बोलण्याचा वर्ग

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात फ्रेंचची शिकवणी घ्यायचे. माझ्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास होता. त्याची रांग जिन्यावरून खाली माझ्या दारापर्यंत यायची, आणि त्यातलं एखादं पोर पाय दुखले की माझ्या रिकाम्या बाकावर येऊन टेकायचं. तेवढाच माझा वर्ग भरल्यासारखा दिसायचा. ‘फ्रेंच शिकून पुढं काय?’ असं विचारणाऱ्या पालकांशी मी इतक्या वेळा भांडले होते, की शेवटी शेवटी मलाच तो प्रश्न रास्त वाटायला लागला होता.

त्याचं उत्तर दोन हजार साल उलटल्यावर मिळालं, आणि तेही लष्करी जीपमधून आलं. छावणीतले एक मेजर माझ्या दारात उभे राहिले. त्यांची तुकडी शांतिसेनेतून आफ्रिकेत जाणार होती. जिथं जायचं तिथं फ्रेंच चालत होतं, आणि जवानांना दीड महिन्यात कामापुरती भाषा आणि तिथल्या रीतीभाती शिकवायच्या होत्या. नुसतं शिकवायचं नव्हतं, सगळा कारभारच बघायचा होता. वेळापत्रक, परीक्षा, फळा, खडू, सगळं माझ्या गळ्यात. ‘जमेल ना?’ त्यांनी विचारलं. ‘न जमायला काय झालं?’ मी म्हटलं. माझा स्वभावच असा, आधी हो म्हणायचं आणि मग कपाळाला हात लावून बसायचं.

पहिल्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये सगळे ताठ बसले होते. मी हसून ‘बोंजूर’ म्हटलं. बाजूला उभ्या असलेल्या सुभेदारांनी मान हलवली आणि अख्ख्या शेडनं एका दमात असा बोंजूर ठोकला की पत्रा थरथरला. फ्रेंच भाषेला इतका मान तिच्या देशातही कुणी दिला नसेल. मी म्हटलं, ‘अहो, हा नमस्कार आहे, सलामी नव्हे.’ दुसऱ्यांदा थोडा कमी थरथरला.

भाषा हळूहळू चढत होती. रीतीभातींसाठी मी विद्यापीठातला एक विद्यार्थी शोधून काढला. तो त्याच भागातून शिकायला आलेला उंच तरुण होता आणि चार वर्षं कोल्हापुरात काढून मिसळीचा कट दोनदा मागून घेण्यापर्यंत पोहोचला होता. शेडमध्ये शिरल्या शिरल्या तो जवानांना म्हणाला, ‘काय पावणं, बरं हाय न्हवं?’ त्यानंतर अर्धा तास वर्ग माझ्या हातात राहिला नाही.

पण मग तो गंभीर झाला. म्हणाला, ‘आमच्या गावात माणसाला लांबनं हाक मारून काम सांगत न्हाईत. जवळ जायचं, नमस्कार करायचा, पोरंबाळं कशी हायत, शेत कसं हाय, इचारायचं. मग काम.’

‘म्हणजे नमनालाच घडाभर तेल,’ मी म्हटलं.

‘तेल लागतंयच की, मॅडम,’ तो म्हणाला. ‘आन बंदूकवाला लांबनं वरडला तर आमची माणसं थांबत न्हाईत, पळत्यात. लई बघितलंय त्यांनी.’

 पळणारा माणूस दिसला की चौकीवरचा घाबरलेला जवान काय करील, हे तिथं कुणाला सांगायची गरज नव्हती. मेजरांनी त्याच दिवशी ठरवलं की दुभाषे म्हणून जे जातील, त्यांची परीक्षा खोट्या चौकीवर घ्यायची. शब्द चुकला तर चालेल. आवाज चढला की बाद.

आणि तिथंच माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी अडला.

तो कबनूरचा होता, हुद्द्यानं नाईक. उच्चार असे उचलायचा की मला माझ्याच वीस वर्षांच्या मेहनतीची लाज वाटावी. पण पहिल्या बाकावरून ‘मॅडम, खडू हाय का?’ असं विचारायचा तेही नदीच्या पलीकडल्या माणसाला विचारल्यासारखं. त्याचं घर म्हणजे यंत्रमागांच्या मधली दोन खोल्यांची जागा. भिंतीच्या अल्याड माग, पल्याड माग, दिवसभर खडखडाट. त्या घरात जो हळू बोलेल तो उपाशी राहील. लहानपणापासून त्याला एकच आवाज माहीत होता.

यापूर्वी दोनदा परदेशी जाणाऱ्या यादीत त्याचं नाव येऊन ऐनवेळी गळलं होतं. आता नोकरी संपत आली होती. साध्या जवानांच्या जागा भरल्या होत्या, दुभाष्याची तेवढी एक उरली होती. ती गेली की त्यानं इथंच राहून स्टोअरच्या किल्ल्या सांभाळायच्या. ‘मॅडम, आख्खी सर्व्हिस फाटकावर काढली,’ तो मला म्हणाला, अर्थात सगळ्या छावणीला ऐकू जाईल असं. ‘एकदा तरी जाऊन येऊ दे की मला.’

मग मी इरेला पेटले. सुभेदार दुपारी जेवून शेडच्या कोपऱ्यात खुर्चीवर डुलकी काढायचे. नाईकाला मी त्यांच्या शेजारी बसवून पेपर वाचायला लावला. सुभेदार जागे झाले की नापास. पहिल्या दिवशी ते मथळ्यालाच दचकून उठले आणि ‘कोण मेलं?’ म्हणाले. पुढच्या आठवड्यात ते अग्रलेखापर्यंत टिकले, अर्थात त्यात नाईकाचं श्रेय किती आणि अग्रलेखाचं किती, हा प्रश्नच होता. पण मग एका दुपारी क्रीडापानसुद्धा वाचून झालं तरी सुभेदार घोरतच होते. मी आनंदानं टाळी वाजवली आणि मीच त्यांना उठवलं.

त्या रविवारी नाईक घरी जाऊन आला. बुधवारी फाटकावरून मला बोलावणं आलं. एक म्हातारी बाई उभी होती, पदर खोचलेला, हातात पिशवी.

‘तुमीच व्हय त्या मॅडम?’ तिनं विचारलं, आणि फाटकावरचा पहारेकरी सावधान झाला. ‘माझ्या पोराला काय केलंसा वो?’

मला काही कळेना. तीच पुढं म्हणाली, ‘आईतवारी घरला आलं, तर नुसतं त्वांड हलतंय, आवाज न्हाय. म्या इचारलं, बाबा, रुसलास व्हय? तर परत त्वांडच हलवलं. चार घास खाल्लं आन गेलं. माझं काय चुकलं, त्ये तरी सांगा.’

मी समजावायला गेले. ती माझ्या तोंडाकडं नुसती बघत राहिली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेवटी छावणीच्या फाटकात उभी राहून मी बेंबीच्या देठापासून ओरडले, ‘मी त्याला हळू बोलायला शिकवतेय!’

‘मग माझ्यासंगं कशाला हळू?’ ती तेवढ्याच जोरात म्हणाली. ‘माझं कान मागांनी खाल्लं की वो! सुताच्या कांड्या भरता भरता गेलं. त्यो वरडतोय म्हणून तर मला कळतंय, पोरगं घरात हाय.’

मला फार वाईट वाटलं. आम्ही सगळे ज्याला त्याचा दोष समजून घासत बसलो होतो, तो त्या बाईला घरात ऐकू येणारा एकुलता एक आवाज होता. मी नाईकाला फाटकावरच बोलावून घेतलं आणि म्हटलं, ‘अरे, वर्गातलं वर्गात. घरी तरी मोकळेपणानं बोल.’

त्यानं मान हलवली. ‘न्हाय मॅडम. आवाज एकदा चढला की उतरत न्हाय. परीक्षा झाल्याबिगर घरला जातच न्हाय मी.’ हे त्यानं आईलाही सांगितलं, पण माझ्यासमोर असल्यामुळं हळू सांगितलं. तिनं ऐकू आल्यासारखी मान डोलावली आणि पिशवीतला डबा त्याच्या हातात दिला.

परीक्षेसाठी बाहेरून एक वरिष्ठ अधिकारी आले होते. मैदानात बांबू आडवा टाकून चौकी केली. विद्यापीठातला आमचा तो उंच तरुण गावकरी झाला, सायकलवर पोतं लादून यायचा आणि जमेल तितकं छळायचा. पहिले दोघं ‘थांब!’ असं फ्रेंचमध्ये गरजले आणि बाद झाले. मग नाईक पुढं झाला. बंदूक खांद्याला अडकवून तो सायकलीपाशी चालत गेला, नमस्कार केला, पोरं कशी आहेत विचारलं, पाऊसपाणी विचारलं. आवाज इतका खाली की मी कान टवकारले.

हे सगळं इतकं सुरळीत चाललेलं बघून आमच्या गावकऱ्याला चेव चढला. भांडायचं तर त्याला सांगितलंच होतं, पण चार वर्षांत भांडणाची त्याला एकच तऱ्हा ठाऊक झाली होती. सायकल आपटून तो ओरडला, ‘आरं सोड की लेका! काय लावलंयस मगाधरनं!’

बाहेरचे अधिकारी गोंधळून मेजरांकडं बघायला लागले. माझा जीव टांगणीला लागला. कबनूरच्या माणसावर कुणी असं ओरडलं तर तो काय करतो, हे मला माहीत होतं. नाईकाच्या मानेची शीर फुगली. पण तो आणखी एक पाऊल पुढं सरकला, सायकलीचं हँडल धरलं, आणि फ्रेंचमध्ये म्हणाला, ‘दादा, ऊन फार आहे. सावलीत बसा. पोतं मी उतरवतो, आपण दोघं मिळून बघू.’ आफ्रिकेतला माणूस पुरता कोल्हापुरी झाला होता, आणि माझा कोल्हापुरी त्याला त्याच्याच गावच्या रीतीनं समजावत होता. तो तरुण वरमला. मुकाट्यानं सावलीत जाऊन बसला आणि फ्रेंचमध्ये उत्तरं द्यायला लागला. अधिकाऱ्यांनी हसून मेजरांना खूण केली. नाईक पास झाला.

त्याची आई तारेच्या कुंपणापलीकडं उभी होती. तिला बघताच तो मैदानातूनच ओरडला, ‘आई! नाव लागलं! जातोय मी!’ त्याला कुणीही अडवलं नाही, मेजरांनीसुद्धा नाही. आम्ही सगळे हसत होतो, सुभेदार तर टाळ्या वाजवत होते.

तिला ऐकू आलं. तिचा चेहरा फुलला. तिनं तिथूनच विचारलं, ‘किती दिस?’

‘वरीसभर!’

 कुंपणाची तार तिनं दोन्ही हातांनी धरली.

‘आन तिथनं फोन केलास तर? तिथं वरडायचं न्हाय म्हणत्यात. मग मला कसं ऐकू येणार रं?’

नाईकानं माझ्याकडं बघितलं. वर्गात तो अडला की असाच बघायचा, आणि मी शब्द पुरवायचे. त्या दिवशी मी मान खाली घातली.