कॅमेऱ्यावरची चंद्रकळा

मंडळी, कॅमेऱ्याची सागवानी पेटी, चामड्याचा भाता, तिवई, काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने चेहऱ्यावरचे व्रण बुजवायचं मेज, सगळं मी स्वतः घडवलं, कुणाकडे न शिकता. डोक्यावर घ्यायचं काळं कापड मात्र बायकोच्या चंद्रकळेचं. ती जाऊन तीन वर्षं झाली.

हा कॅमेरा विकून विलायती घ्यायचं ठरवलं होतं. आज करकंबचा एक फोटोग्राफर आला. पेटी पारखून त्याने कापडात डोकं घातलं आणि आतूनच ओरडला, "मास्तर, हितं शिकेकाईचा वास येतुय की वो!"

मला वाटायचं, तो वास माझ्या मनातच आहे.

"कापड राहू द्या."

"आन् उजेड कशानं अडवू? त्याच्यासकट द्या की."

तुम्ही दिलं असतं? कापडासकट तो रोख दोनशे रुपये देत होता. मी नाही म्हटलं.