पॅनलवर शिंपडलेलं पाणी

खंडेनवमीला आत माझ्या मशीनची पूजा चाललेली आणि मी शेडच्या भायेर, सायकल स्टँडपाशी.

"पूजा होऊस्तोवर तेवढं भायेर थांब रं," अण्णा म्हणालते. "मनाला लावून घेऊ नको. भटजी जुन्या वळणाचे हायत."

थांबलो. लगेच. राग? न्हाय आला. खरं सांगतो, वाईट वाटलं ते अण्णांचंच. आपल्यामुळं ह्या माणसाला असलं बोलावं लागलं. अपराधी वाटलं मला. मला!

शटर अर्धं खाली हुतं. वाकून बघितलं. लेथला हळद-कुंकू, फूल. ड्रिलला हळद-कुंकू, फूल. कटिंग मशीनला पण तेच. मग सगळी माझ्या बेंडिंग मशीनपाशी आली. अण्णांनी तांब्या घेतला, आंब्याची डहाळी बुडवली आणि पाणी शिंपडलं. भटजींनी न्हाय. अण्णांनी. आणि मशीनवर पण न्हाय. पॅनलवर. बटणांवर. जिथं माझी बोटं पडत्यात नेमकं तिथं. मग कुंकू. मग परत पाणी.

लेथवर न्हाय टाकलं. ड्रिलवर न्हाय टाकलं.

मग प्रसाद आला. कागदात पेढा, वरनं सोडलेला माझ्या ओंजळीत. मी खाल्ला. "हां अण्णा" पण म्हटलं.

आता अण्णा कोण ते सांगतो, न्हायतर तुम्हाला वाटंल कुणीतरी राक्षस. तसं न्हाय. आमचं वर्कशॉप बेळगावात, उद्यमबागेत. स्विचबोर्डच्या पेट्या करतो आम्ही. अण्णा सुपरवायझर. मी काकतीचा, आयटीआय झालेला, सायकलवरनं यायचो आणि पत्रे उचलायचो. मग ते मशीन आलं. पत्रा वाकवायचं, प्रेस ब्रेक म्हणत्यात त्याला, पण कंट्रोलरवालं! आमच्या रांगेत पहिलंच! आधीच्या मशीनवर मागचा स्टॉप, म्हणजे पत्रा जिथं टेकतो ती पट्टी, हातानं सरकवायचा, मोजायचं, चुकायचं, परत सरकवायचं. ह्याला बटणं. कॅल्क्युलेटरवर असत्यात तसले हिरवे आकडे. पत्र्याची जाडी टाका, डायचा म्हणजे साच्याचा नंबर टाका, अँगल टाका, स्टॉपचं अंतर टाका, बटण दाबा, आणि मागचा स्टॉप आपला आपण सूं करून येऊन थांबतोय! लई खूश झालतो मी. आणि गंमत म्हणजे वाकवलेला पत्रा सोडला की थोडा परत उघडतो, म्हणून अँगल थोडा जास्त द्यावा लागतो. किती जास्त, ते तुकडा वाकवून, काटकोन तपासायचा गुण्या लावून बघायचं आणि करेक्शन टाकायचं. शिकताना ढीगभर तुकडे वाया घालवलते. अण्णा एकदा पण ओरडले न्हाईत.

मालक म्हणत हुता पॅनलवर दुसऱ्या कुणाला तरी बसवा. अण्णा अडून राहिले, हाच बसंल. माझ्यासाठी भांडले. आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, मी घरी जाऊन सांगितलं तर आप्पा म्हणाले, "माणूस चांगला दिसतोय." मी म्हटलं, "देव हाय देव." आप्पांनी नुसतं बघितलं माझ्याकडं. धम्म घेतल्यावर घरातले सगळे देव आप्पांनी मार्कंडेय नदीत सोडलते, आणि मी त्यांच्या पुढ्यात बसून हे बोलतोय.

एक गोष्ट मात्र मला तवा दिसली न्हवती. अण्णा गुण्या माझ्या हातात कधी देत न्हवते. टेबलावर ठेवायचे. मी उचलायचा.

असो. दसरा झाला, मशीन चालू केलं. अँगलचं बटण चिकट लागत हुतं. स्टॉपचं पण. फडक्यानं पुसलं तर बटणाच्या कडेनं लाल ओलं आलं. कुंकू. समजलं मला. पण बोललो न्हाय. बोललो असतो तर शटरखालनं बघितलं हे पण सांगावं लागलं असतं, आणि अण्णांची मान खाली गेली असती. म्हणून गप्प.

तुकडा बरोबर आला. म्हटलं चालतंय. दरवाजांचा पत्रा घेतला. दुसऱ्या टोकाला बसू नावाचा पोरगा, माझ्यासंगं पत्रा धरणारा. वाकवला, ठेवला. वाकवला, ठेवला. मधीच कवातरी चिकटलेल्या बटणानं आकडा बदलला आणि स्टॉप मागं सरकला. मला दिसलंच न्हाय. दरवाजे पेटीला लावायला गेले तवा कळलं. एकाची कड लहान, एकाची मोठी. अर्धा ढीग भंगार.

अण्णा आले. पॅनलकडं बघितलं. बटणांच्या कडेचा लाल डाग त्यांना दिसला. दिसला, मी शपथेवर सांगतो, कारण त्यांचं बोट तिथं गेलं आणि परत आलं. मग सगळ्यांकडं तोंड करून म्हणाले, "मशीन कोपलंय. पूजेनंतर पहिला हात कुणाचा लागला?"

माझा. माझाच की.

"उद्या नारळ आण. मशीनपुढं नाक घास. चूक झाली म्हण. मग बघू."

घरी गेलो. आई म्हणाली, "माग की रं माफी, काय झिजतंय? पॅनल गेलं तर परत पत्रे उचलशील." मला पटलं. लाज वाटत्या सांगायला, पण पटलं. माझा हात लागला म्हणूनच झालं असंल, असं पण मनात आलं. एवढं आत गेलतं ते पाणी. सकाळी नारळ आणला. आमच्या घरात धम्म घेतल्यापासनं नारळ आलेला न्हाय. आप्पांनी पिशवीत बघितलं. चहा तसाच ठेवून उठले.

त्या चहाचं काय करू सांगा मी. अजून दिसतोय मला तो.

शेडमधी सगळी जमलेली. मी नारळ काढला, मशीनकडं निघालो.

"थांब, थांब," अण्णा म्हणाले. "नारळ बसू फोडंल. तू लांबनंच नाक घास. हातबीत लावू नको, आधीच एवढं झालंय."

तिथं थांबलो मी. चूक माझी, म्हणून नारळ माझा. पण हात बसूचा. मग माझं काय? नुसतं नाक?

"अण्णा, पाणी तुम्ही टाकलं."

"काय?"

"बटणांवर. खंडेनवमीला. शटरखालनं बघितलं मी."

बसू आपल्या पायाकडं बघत हुता. त्यानं हळूच म्हटलं, "होगली बिडो." जाऊ दे, सोड. कन्नडमधी म्हटलं तरी माझ्यासाठीच म्हटलं.

अण्णांचा आवाज बारीक झाला. "तुला पॅनलवर मी बसवलं. मालकाशी भांडून. आणि तू माझ्यावरच उलटतोस?"

हे लागलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. वाटलं पाय धरावं ह्या माणसाचं. मग आठवलं, पाय तरी धरू देईल का?

नारळ त्यांच्या टेबलावर ठेवला. जिथं ते गुण्या ठेवायचे, तिथंच.

म्हटलं, "उचला."

मग मशीन बघायला बेंगळूरचा मेकॅनिक आला, त्यानं बटणांची पट्टी उचकटली. खाली सगळं लाल. त्यानं विचारलं, "हे काय?" कुणी सांगितलं न्हाय. नवीन पट्टी बसली, मशीन चालू झालं. अण्णांनी मला बोलावलं. हसून. "झालं गेलं सोड. ये पॅनलवर. खंडेनवमीला तेवढं भायेर थांबायचं. वर्षातनं एकदाच की रं."

"थांबणार न्हाय," मी म्हटलं. "चालवतो मी, तर त्या दिवशी पण तिथंच उभा राहणार."

"मग पत्रे उचल."

उचलतोय. पॅनलवर बसू बसतोय आता. आई माझ्याशी नीट बोलत न्हाय. आणि अण्णा समोरनं आले की माझी मान अजून खाली जाते, आपोआप. काय केलंय मी त्यांचं? काय न्हाय. तरी जाते. लहानपणापासनं घातलेलं हाय ते आत, एका दिवसात निघत न्हाय. असू दे. खाली गेलेली मान मी परत वर करतोय, रोज.

दसरा जवळ आलाय. ह्या खंडेनवमीला मी आत असणार. पूजा करायला न्हाय, पूजा तुमची तुम्ही करा. मशीनपाशी, पॅनलला हात लावून उभा राहणार. भायेर जा म्हटलं तर जाणार न्हाय. मला काढायचं असलं तर दंडाला धरून काढावं लागंल.

धरा म्हणावं. लावा मला हात.