आठांची गाडी देऊन पाचांची आणली

आमच्या घरी आठ जणांची डिझेल गाडी होती आणि माणसं होती तीन: मी, माझा नवरा आणि सासूबाई. उरलेल्या पाच जागा नवरा अमरावती शहरातून भरून काढायचा. रिकामी सीट घेऊन गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, हा त्याचा नियम. रिकामी सीट म्हणजे फुकट जाळलेलं डिझेल, असं तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या गांभीर्यानं सांगायचा. त्यामुळे आम्ही कुणाच्या तेरवीला निघालो की गेलेल्या माणसाला कधी न पाहिलेली चार-पाच माणसं आमच्यासोबत हळहळायला असायची. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं तर कॉलनीतले आणखी पाच जण डोळे दाखवून यायचे. त्यातल्या दोघांचे डोळे ठणठणीत होते, पण गाडी जात होती ना!

ही गाडी डिझेल पीत नव्हती, ढोसत होती. म्हणून आठवड्याचे बरेचसे दिवस ती अंगणात ताडपत्रीखाली उभी असायची. आणि त्याच दिवसांत मी रिद्धपूरकडच्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एसटीनं जायचे. एसटी चुकली तर काळीपिवळीनं, मांडीवर कुणाची तरी भाजीची पिशवी घेऊन. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती दोन वर्षं तरी मला स्वतः गाडी चालवत शाळेत जायचं होतं. एवढंच. घरात मात्र मी सांगितलं की डिझेल महाग झालंय, लहान गाडी घेऊ. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही, कारण माझ्या गाडी चालवण्याला एक इतिहास होता.

लायसन्स माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहे. त्या मोठ्या गाडीच्या ड्रायव्हर सीटवर मात्र मी एकदाच बसले. पाय क्लचपर्यंत पोचत नव्हते म्हणून पाठीशी उशी घेतली. उशी सरकली, मी सरकले आणि शेजारच्या काकांचं लोखंडी फाटक बिजागऱ्यांसकट त्यांच्या अंगणात जाऊन पडलं. काकांनी नवं फाटक बसवलं, पण जुनं भंगारात दिलं नाही. भिंतीला टेकवून ठेवलं आणि आल्यागेल्याला दाखवू लागले. “ही गाडी बाईमाणसाच्या आवाक्यातली नाई,” असा निकाल नवऱ्यानं तेव्हा दिला. चूक उशीची होती, पण फाटक समोर उभं असताना वाद काय घालणार? मात्र गेल्या हिवाळ्यापासून शनिवारची सकाळची शाळा सुटली की केंद्रावर मीटिंग आहे असं घरी सांगून मी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याकडे जायचे. अशा पुष्कळ मीटिंगा झाल्या.

अकोल्याला जठारपेठेत एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. त्यांना जुळे नातू झाले आणि नातवांच्या मागोमाग व्याही-विहीणही राहायला आले. त्यांच्याकडे लहान पेट्रोलची गाडी होती आणि त्यांना मोठी हवी होती. ओळखीतून बोलणं झालं, अदलाबदल ठरली, वरचा फरक फोनवरच मिटला. रविवारी मी आणि नवऱ्यानं जायचं, आपली गाडी द्यायची, त्यांची घेऊन यायची, इतकं ते सोपं होतं.

“इंजनातलं तुमाले काय समजते?” असं म्हणत दीर तयार झाला. त्याला तरी काय समजतं हे मला आजवर कळलेलं नाही, पण आवाज ऐकून मान हलवायला तो पटाईत आहे. म्हणजे तीन झाले. तीन तिगाडा, काम बिगाडा, म्हणून जाऊबाई निघाल्या. सासूबाई म्हणाल्या, “माह्याच घरची गाडी अन् मीच नाई?” पाच झाले. शेजारच्या काका-काकूंचं अकोल्यात काडीचं काम नव्हतं, पण सीटा जात होत्या म्हणून तेही बसले. आठवी सीट रिकामी राहिली ती नवऱ्याला बघवेना. त्यानं सासूबाईंच्या भावाला, मामांना, बडनेऱ्याच्या नाक्यावर उभं राहायला सांगितलं. मामांचा झेंडूचा मळा आहे. ते नव्या गाडीसाठी हार घेऊन आले, फक्त माप त्यांनी जुन्या गाडीचं धरलं होतं. हार कसला, तो बैलाच्या दोरासारखा जाडजूड होता आणि मामांच्या मांडीवरून काकूंच्या मांडीवर वाहत होता.

आम्ही आठ जण जठारपेठेत उतरलो तेव्हा बँकवाल्या साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी दोघांचे पोहे केले होते. आतून पुन्हा पोहे भिजवल्याचा आवाज आला, मग शेजारच्या घरून डिशेस आल्या. दिरानं लहान गाडीचं बॉनेट उघडून कान लावला आणि मान हलवली. काकांनी चारही चाकांना एकेक लाथ मारली. मामांनी विचारलं, “गाडी अंगानं बारीक आहे, खाते-पेते कमी का?” साहेब म्हणाले, “त्याच्यासाठीच तं तुमी घेऊन राह्यले नं?” सगळ्यांना ते पटलं.

कागदांवर सह्या झाल्या. मग सासूबाईंनी पिशवीतून ताट, हळद-कुंकू, तांदूळ आणि ब्लाऊजपीस काढलं आणि जुन्या गाडीची ओटी भरली. स्टिअरिंगला ब्लाऊजपीस बांधताना त्यांना रडू फुटलं. याच गाडीनं कंबर मोडली म्हणून वर्षानुवर्षं त्यांनी आमच्या नावानं बोटं मोडली होती. साहेबांच्या पत्नीही गहिवरल्या. “आमी नीट ठेवू तिले,” म्हणाल्या. त्यानंतर साहेबांचं सगळं कुटुंब, व्याही-विहीण आणि जुळ्यांसकट, आमच्या गाडीत बसून देवदर्शनाला निघून गेलं. घराला कुलूप लागलं.

गल्लीत आम्ही आठ जण उरलो आणि एक लहान गाडी.

मामांनी हाराचे दोन वेढे दिले, तरी समोरची काच झाकली गेली. मग काकांनी बोटांवर मोजलं, परत मोजलं आणि म्हणाले, “ह्याच्यात तं पाचच मावते.” मी तिसरीच्या वर्गाला वजाबाकी शिकवते. आठातून पाच गेले तर किती, हे आमच्या शाळेतलं बेंचावर झोपलेलं पोरगंही सांगेल. पण भरलेल्या गाडीतून जायची आम्हाला इतकी सवय, की परत येताना ती गाडी आपली नसेल हे आठपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मलाही लाज वाटली.

“अरे, बसू नं बाप्पा, आडवेतिडवे,” दीर म्हणाला. प्रयत्न झाला. सहा जण गेले. सातव्या काकू अर्ध्या आत आणि अर्ध्या बाहेर राहिल्या आणि गाडीचं पोट खाली टेकलं. मामांनी डिकीत बसायची तयारी दाखवली आणि एक पाय टाकलाही. समोरच्या गॅलरीतून लोक बघत होते. एकजण तर खुर्ची घेऊन आला. शेवटी सगळे उतरले आणि नवऱ्यानं वाटणी सुरू केली.

वाटणी न्यायानं झाली, असं तो आजही म्हणतो. गाडी तो चालवणार हे कुणी बोलून दाखवायचीही गरज नव्हती. सासूबाई म्हाताऱ्या म्हणून त्या, मामा त्यांच्याहून म्हातारे म्हणून ते, काका-काकू आपल्या शब्दावर आलेले म्हणून ते. दीर आणि जाऊबाई एसटीनं जाणार. दीर रुसला, इंजिनाचा आवाज रस्त्यात ऐकायचा होता म्हणाला. मग नवरा माझ्याकडे वळला.

“तू ह्याइच्यासंग एसटीनं ये. तू समजदार आहे.”

समजदार! लग्नाला तीस वर्षं होऊन गेली आणि दर वेळी मी समजदार निघाले. त्या आठ सीटांच्या गाडीतसुद्धा नववा माणूस आला की मीच डबा आणि पिशव्यांसोबत खाली सरकायचे. ही लहान गाडी यावी म्हणून सहा महिने मी घरात भांडले होते, आणि तिच्यात बसायची पाळी आली तेव्हा माझं नाव यादीतच नव्हतं.

किल्ली बॉनेटवरच्या कुंकवाच्या ताटात होती. ती उचलून मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. खालची पट्टी ओढून सीट पुढे घेतली आणि माझे दोन्ही पाय अलगद पोचले. उशी लागली नाही, काही लागलं नाही. तिथेच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून मी वायपर लावून पाहिले, तर ते हारात अडकले.

“भाऊजी, तो हार काढा. मले रस्ता दिसत नाई.”

दिरानं मुकाट्यानं हार काढून मागच्या सीटवर ठेवला. नवरा खिडकीशी आला. “अवो, उतर. हायवे आहे तो. कॉलनीतला रस्ता नोहे.”

“ज्याले बसाचं असन त्यानं बसावं,” मी म्हणाले. “चार सीटा आहेत.”

आणि ज्या चार सीटांसाठी अर्धा तास खल चालला होता, त्या क्षणात रिकाम्या झाल्या. काकूंना आठवलं की बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ते सोडून पेट्रोल कायले जाळायचं? मामांना तर पूर्ण प्रवास फुकट होता, सरकारनं दिलेलं नाकारणं त्यांना बरं दिसेना. काका स्पष्ट माणूस. ते म्हणाले, “मॅडम, फाटक गेलं तं दुसरं घेता येते.” जाऊबाई नुसत्याच दिराच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. नवरा क्षणभर घुटमळला. बसला असता तो, असं मला वाटतं. पण मग ताठ होऊन म्हणाला, “मी ह्या सगळ्याइले आनलं, मीच पोचवतो,” आणि फौज घेऊन स्टँडच्या दिशेनं निघाला.

सासूबाई तेवढ्या उरल्या. त्यांनी पुढचं दार उघडलं आणि पदर सावरत माझ्या बाजूला बसल्या.

“माह्यं काय, साऱ्याइचं सारं पाहून झालं,” त्या म्हणाल्या. “मेली तं मेली. पन एसटीची पायरी माह्या गुडघ्याले नाई चढवत.”

अशा आशीर्वादानं मी निघाले. अकोल्यातून बाहेर पडेपर्यंत गाडी तीनदा बंद पडली. मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि सासूबाई प्रत्येकाकडे वळून “थांबा नं जरासं, घाई कायची आहे?” असं काचेतून विचारत होत्या. हायवेला लागल्यावर मी चाळिसाच्या वर काटा जाऊ दिला नाही. बोरगाव मंजूपर्यंत त्यांनी समोरून येणारा एकेक ट्रक मला दाखवला. नंतर थकल्या आणि बाहेर बघू लागल्या. मग म्हणाल्या, “पुढं बसलं का रस्ता असा दिसते, हे मले मालूमच नव्हतं वं. मी जलमभर मधातच बसली.” मला त्यांच्याबद्दल असं कधी वाटलं नव्हतं, पण तेव्हा वाटलं की या बाईला मी नागपूरपर्यंतसुद्धा घेऊन जाईन.

मूर्तिजापूरच्या पुढे एसटीनं आम्हाला मागे टाकलं. सहाही जण एका बाजूच्या खिडक्यांत होते. काका हात जोडत होते, मामा मोजत होते की आम्ही दोघी आहोत ना, आणि नवरा हातवाऱ्यांनी गिअर बदलायला सांगत होता. मी बदलला. आमच्या मागच्या सीटवर झेंडूचा हार ऐसपैस पसरला होता.

“उद्या शाळेत हेच नेशीन का वं?” सासूबाईंनी एकदम विचारलं.

मी कुणाला बोलले नव्हते. त्यांच्याकडे बघायची सोय नव्हती, समोर टँकर होता. “हाव,” म्हणाले.

“मंग शनिवारच्या मीटिंगा बंद होतीन आता,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा बाहेर बघू लागल्या.

बडनेरा जवळ आलं तेव्हा माझ्या पर्समधला मोबाईल वाजला. सासूबाईंनी तो शोधून काढला आणि कानाला लावला. नवऱ्याचा आवाज एसटीच्या घरघरीतूनही मला ऐकू येत होता. मी बडनेऱ्याले उतरून राह्यलो, तो सांगत होता. नाक्यावर उभा राहतो. तिले तिथं थांबाले सांग. पुढं शहर आहे, गर्दी आहे, तिथून मी चालवतो. दे तिले फोन.

माझा वेग आपोआप कमी झाला. थांबले असते मी. तीस वर्षांची सवय होती.

“तू तिकीट अमरावतीचं काढलं नं?” सासूबाईंनी विचारलं. “मंग अमरावतीलेच उतर.”

तिकडून तो काहीतरी बोलला.

“तिले नाई देता येत फोन,” त्या म्हणाल्या. “माही सून गाडी चालवून राह्यली.”