साडेचारशे वॅटचा डबा

दुकानात बोलावं लागू नये म्हणून मी कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड ऑनलाइन मागवलं. दुकानात काउंटरवरचा माणूस विचारतो, "क्या होना?" आणि काय हवं ते घरून निघताना अगदी पक्कं माहीत असूनही माझ्या तोंडून फक्त "बस, देख रही" एवढंच निघतं. मग थोडा वेळ मी खरंच बघत उभी राहते आणि घरी येते. जन्मापासून गौलीगुड्यात राहून, बाजाराला खेटून वाढून, हे असं.

कार्ड हवं होतं ते एका नोकरीसाठी. कॉम्प्युटरवर घरं उभी करायचं काम मी शिकले आहे. म्हणजे न बांधलेलं घर बांधल्यासारखं दाखवायचं. एका आर्किटेक्टच्या ऑफिसने चाचणी म्हणून नकाशा पाठवला होता. त्यावरून छोटी फिल्म करायची होती: फाटकातून आत, जिन्याने वर, गच्चीवर संध्याकाळ. सोमवारी सकाळपर्यंत पोचली पाहिजे. माझं जुनं कार्ड फाटकाशीच अडून बसलं होतं. ही नोकरी मला फार हवी होती. तिथे दिवसभर स्क्रीनकडे बघायचं होतं, माणसांकडे नाही.

कार्ड घेण्याआधी मी अभ्यास केला होता. कॉम्प्युटरवाल्यांच्या एका फोरमवर माझं खातं आहे. त्यावर मी आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही. माझा प्रश्न दुसरं कुणीतरी विचारेपर्यंत थांबते. तिथे सगळे म्हणत होते, आधी पॉवर सप्लाय बघा. पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला तो लोखंडी डबा, भिंतीतून वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देणारा. मी टेबलाखाली वाकून बघितलं. डब्यावर मोठ्या अक्षरात साडेचारशे वॅट. कार्डाच्या माहितीतही लिहिलेलं, निदान साडेचारशे वॅट. साडेचारशेला साडेचारशे! मला इतका आनंद झाला की खालची बारीक अक्षरं वाचायची मला गरजच वाटली नाही.

शुक्रवारी कार्ड आलं. त्याला आठ भोकांचा प्लग लागत होता आणि माझ्या डब्यातून तसा प्लग निघतच नव्हता. शहाण्या माणसाला एवढी खूण पुरली असती. पण खोक्यात एक जोडवायर होती, आणि मी ज्या घरात वाढले तिथे तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसवणाऱ्या जोडपिना एकीवर एक लोंबत असतात. जोडवायर दिसली की आम्हाला धोका दिसत नाही, सोय दिसते.

शनिवारी सकाळी फिल्म तयार करायचं बटण दाबलं. पंखा घुमू लागला, फाटक उघडलं, आणि टक्. स्क्रीन काळी.

बाबा पेपर हातात घेऊन दारात आले. बाबा वीज खात्यातून रिटायर झालेत. घरात दिवा फडफडला तरी तो त्यांचाच अपमान असतो.

"लोड," ते म्हणाले.

मी मान हलवली. विजेच्या बाबतीत आमच्याकडे त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी गीझर बंद केला, फ्रिज बंद केला, मग स्वयंपाकघरात जाऊन चालू मिक्सर.

"अहो, चटणी अर्धी वाटलीय!" आई म्हणाली.

"पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"मग काय, खलबत्त्यात घालून ठेचू?"

"थोडा वेळ ठेच की. काय होतंय?"

मी पुन्हा बटण दाबलं. टक्.

बाबा स्टुलावर चढून मीटरबोर्ड उघडायला लागले, तेव्हा मी मोबाइलची बॅटरी लावून टेबलाखाली शिरले आणि शेवटी ती बारीक अक्षरं वाचली. डब्यातली वीज तीन वाट्यांत विभागलेली असते: तीन व्होल्टची, पाचची आणि बाराची. ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळं खातं ते बाराच्या वाट्यातून. माझ्या डब्यात बाराच्या वाट्याला निम्मीसुद्धा येत नव्हती. लग्नाच्या बोलणीत एकत्र कुटुंबाची सगळी शेती एकट्या नवऱ्यामुलाची म्हणून सांगतात, तसा तो साडेचारशेचा आकडा होता. आणि मी शिकलेली मुलगी बोलणीला बसून भुलले होते.

म्हणजे दोष घराच्या लाइनीत नव्हता. एवढंच बाहेर जाऊन सांगायचं होतं.

"बाबा..."

"हां?"

"काही नाही. स्टूल धरू का?"

मी स्टूल धरलं.

मीटरबोर्डात काहीच सापडलं नाही, तेव्हा बाबांनी निकाल दिला: मोठा यूपीएस घ्यायचा. आम्ही ऑटोने सिकंदराबादच्या कॉम्प्युटर मार्केटला निघालो. रस्ताभर मी एक वाक्य घोकत होते. इंग्रजीत ते छान जमत होतं. पण इंग्रजीत ऐकवलं तर बाबांना मी भाव खातेय असं वाटलं असतं, आणि मराठीत ते उद्धट वाटत होतं. पहिल्या सिग्नलला मी वाक्य बदललं, हुसेन सागरपाशी सोडूनच दिलं.

दुकानात अर्थातच बाबा बोलले. "मियाँ, कॉम्प्युटर लोड नहीं उठा रहा."

"हौ अंकल, बड़ा यूपीएस लगा लेव. इसपे तो पूरा घर चलता." दुकानदाराने मागून सुटकेसएवढं खोकं ओढलं आणि फडक्याने पुसायला लागला.

रविवारी मार्केट बंद. हे खोकं घरी गेलं की सोमवार गेला. आमच्या घरात परक्यासमोर बाबांना खोटं पाडायची पद्धत नाही. खोकायचं, बाहेर यायचं, मग घरी आईकरवी कळवायचं. मी खोकले. बाबा म्हणाले, "पाणी पी."

"बाबा, हे नको," मी म्हणाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला. शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "प्रॉब्लेम घरात नाही, डब्यात आहे. पॉवर सप्लाय बदलायचाय."

"उने क्या बोल रई, सुन लेव अंकल," दुकानदार म्हणाला. त्याची काहीच हरकत नव्हती. त्याच्याकडे पॉवर सप्लायही होते. त्याने एक काढून ठेवला. "साडेछे सौ वॅट. मस्त है."

"बारा व्होल्टपे कित्ता है?"

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग खोकं माझ्याकडे फिरवलं. मी बारीक अक्षरं वाचली. मग पुन्हा वाचली. जवळजवळ सगळी वीज बाराच्या वाट्याला होती आणि आठ भोकांचा प्लग डब्यातूनच निघत होता.

बाबांनीही वाकून ती अक्षरं वाचली. मग एकदम दुकानदाराकडे वळले. "देखो मियाँ, कुल लोड अलग, एक लाइन का लोड अलग. ये लोगों को समझताच नहीं." आणि पैसे देईपर्यंत त्याला तेच समजावत राहिले.

परतताना ऑटोत ते म्हणाले, "घरीच सांगायचंस की."

"सांगितलं होतं."

"कधी?"

"मनात."

"मनात," बाबा म्हणाले, आणि पुढचे दोन सिग्नल बाहेर रस्त्याकडे बघत राहिले. ते हसत होते की रागावले होते, हे मला कळलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. त्या दिवसाचा कोटा संपला होता.

फिल्म तयार व्हायचं काम रविवारभर चाललं. फाटक, जिना, गच्ची, सगळं पार पडलं. दुपारी बाबा खुर्ची घेऊन शेजारी बसले आणि पडद्यावरच्या टक्क्यांकडे मॅच बघावी तसे बघत राहिले. सोमवारी उजाडताच मी ती पाठवली.

मग अनोळखी नंबरवरून फोन आला. मी तो नेहमीप्रमाणे वाजू दिला.

"उचल की," बाबा म्हणाले.

त्या ऑफिसातलेच एक गृहस्थ होते. फिल्म आवडली म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "हे सगळं कुठे केलंत?"

मी सांगितलं. कार्डापासून सुरू केलं, मग डबा, मग डब्यातले तीन वाटे, मग मोठ्या आकड्याला का भुलू नये. मी इतका वेळ बोलत होते की बाबा दारात उभे राहून हाताने "पुरे, पुरे" करायला लागले.

"नाही, म्हणजे," ते गृहस्थ म्हणाले, "घरी केलंत की ऑफिसात, एवढंच विचारत होतो."

"घरी," मी म्हणाले.

"बरं. एक तारखेपासून इकडे या."