तांडेलांच्या फोनचं कुलूप

दुकानात पाऊल टाकलं की तांडेल आधी तर्जनी जिभेला लावायचे आणि ती ओली तर्जनी वर धरून उभे राहायचे. वारा बघायला. माझं दुकान म्हणजे डहाणू स्टेशनासमोरची दहा बाय आठची खोली. मोबाइलची कव्हरं, काचा, चार्जर आणि कुरकुरणारा एक पंखा. मी म्हणायचो, तांडेल, पंख्याचा वारा आहे तो. बोट खाली न घेता ते म्हणायचे, "ते मलाही कळतंय, डॉक्टर. पण येतोय दक्षिणेकडून."

मी डॉक्टर नाही. मेलेले फोन उघडून बसतो म्हणून त्यांनी मला ही पदवी दिली, आणि फुकट मिळालेली पदवी परत करण्याइतका मी मोठा माणूस नाही. त्यांना स्वतःचं नाव होतंच, रेशनकार्डावर सापडेल. पण चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीचं सुकाणू धरलेल्या माणसाला आमच्याकडे नावानं कोण हाक मारणार? बोट चालवणारा तो तांडेल. आमच्या गल्लीपुरते तांडेल म्हणजे हेच.

डावं आणि उजवं हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. "तो उत्तरेचा चार्जर दाखव," म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला सांगायचे की पूर्वेला भजी पडली नाहीत. सगळ्यात हाल व्हायचे ते शेजारच्या सलूनवाल्याचे. वस्ताऱ्याखालून सूचना यायची, उत्तरेच्या गालावर दोन केस राहिलेत. आता सलूनची खुर्ची असते फिरती. न्हावी उत्तर दिशा आठवेपर्यंत खुर्ची फिरलेली असायची आणि उत्तरेचा गाल दक्षिणेला गेलेला असायचा. एकदा त्यानं एकाच गालाची दाढी दोनदा केली आणि दुसरा तसाच ठेवून टॉवेल झटकला. तांडेल आरशात बघून शांतपणे म्हणाले, "अर्धा किनारा राहिला रे."

हसून झालं असेल तर एक गंभीर गोष्ट सांगतो. समुद्रात रस्ते नसतात, जागा असतात. घोळ कुठे लागते, पापलेट कुठे, आणि पाण्याखाली खडक कुठे दबा धरून बसलेत, हे तांडेल किनाऱ्यावरच्या खुणांवरून ओळखतो. महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका अमुक झाडाच्या डोक्यावर आला की इकडे वळ, विजेच्या कारखान्याची चिमणी तमुक ठिकाणी दिसली की थांब. या खुणा म्हणजे तांडेलाची इस्टेट. तो त्या सख्ख्या भावालाही सांगत नाही. एकदा दुसरी एक बोट आपल्या मागावर आहे असं आमच्या तांडेलांना दिसलं, तर दिवसभर ते त्या बोटीला घेऊन मोकळ्या समुद्रात गोल फिरले आणि रिकाम्या जाळ्यानं घरी आले. वर मला दुकानात येऊन सांगितलं, की आज फार मजा आली.

म्हणून लेकीनं नवा फोन घेऊन दिला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, याला कुलूप लागतं का. मी नऊ ठिपके दाखवले. बोट न उचलता हवे तसे जोडायचे, जी आकृती होईल ती तुमची किल्ली. त्यांनी दुकानातल्या काचांवरून एक नजर फिरवली आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला. "इथे नाही. घरी ओटीवर बसून ठेवतो."

मग तांडेल विसरायला लागले. एका दिवसात तीनदा येऊन फोनला नवी काच लावून मागितली. मी एकच लावली. दुसऱ्यांदा लावायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू, पण तिसऱ्यांदा त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि त्यांना बसवून चहा मागवला. त्यांना कळत होतं. कपात बघत म्हणाले, "जाळ्याचे डोळे मोठे झाले, डॉक्टर. मासळी निसटते." इस्पितळातल्या डॉक्टरांनीही जवळपास हेच सांगितलं होतं, फक्त लांबलचक शब्दांत.

त्या उन्हाळ्यात त्यांनी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. रोज संध्याकाळी ओटीवर समुद्राकडे तोंड करून बसायचे आणि आठवेल ती प्रत्येक जागा, प्रत्येक खडक फोनमध्ये बोलून ठेवायचे. रेकॉर्डिंग कसं करायचं ते मीच शिकवलं. माणसाला सांगितलं नाही, फोनला सांगितलं. लेकीला एवढंच म्हणाले, की वेळ आली की उघडून देईन.

वेळ आली ती मासेमारीची पावसाळी बंदी उठायला चार दिवस असताना.

तांडेलांची लेक तलासरीला नर्स आहे. आई गेल्यावर तिनं वडिलांना आपल्याकडे नेलं होतं. दुपारी ती त्यांना घेऊन एसटीनं डहाणूला आली आणि फोन माझ्या काउंटरवर ठेवून उभी राहिली. तिचा भाऊ तारापूरची नोकरी सोडून वडिलांच्या बोटीवर आला होता. मागच्या हंगामात त्याचं जाळं पाण्याखालच्या खडकात अडकलं, बोट एका अंगाला कलली आणि एक खलाशी पाण्यात पडला. जाळं कापलं म्हणून सगळे वाचले. आता भाऊ पहिल्यांदाच स्वतः तांडेल म्हणून निघणार होता. असे खडक नेमके कुठे कुठे आहेत हे जगात एकाच ठिकाणी नोंदलेलं होतं, आणि ते ठिकाण उघडत नव्हतं.

"दादा, आतलं काही जाता कामा नये," ती म्हणाली. "बाकी फोनचं काहीही करा."

तिनं तलासरीत सगळं करून पाहिलं होतं. तिथल्या दुकानदारानं सांगितलं, उघडून देतो, पण सगळं पुसून. बाबा रोज आकृती काढत होते, न चुकता, न अडखळता, आणि फोन रोज नाही म्हणत होता. प्रत्येक चुकीनंतर थांबायची वेळ वाढत गेली. अर्धं मिनिट, काही मिनिटं, आता तासभर. आणखी किती चुका चालतील ते फोन सांगत नाही. तेवढ्या झाल्या की तो कायमचा मिटतो, आणि मग पुसून टाकण्याखेरीज रस्ता राहत नाही.

मी बाह्या सरसावल्या. माझ्या दुकानात मी एरवी जादूगारासारखा वावरतो. गिऱ्हाईक धापा टाकत येतं आणि मी मुद्दाम सावकाश चष्मा पुसतो. त्या दिवशी माझी एकेक जादू संपत गेली. रेकॉर्डिंगची नक्कल इंटरनेटवर कुठे साठलेली असेल का, तर नाही. तांडेल नेट कायम बंद ठेवायचे, त्यातून कोणी आत शिरेल म्हणून. बोटाच्या ठशानं उघडेल का? चाळीस वर्षं दोर ओढून त्यांच्या बोटांवर ठसाच उरला नव्हता, तो कधी नोंदवताच आला नाही. काच तिरपी धरली तर बोट फिरल्याची तेलकट वाट दिसते, अगदी चोरांची युक्ती. मी फोन उजेडात धरला. काच आरशासारखी लख्ख. मी लेकीकडे पाहिलं. ती ओशाळून म्हणाली की ती रोज फोन स्पिरिटनं पुसते, नर्सची सवय. कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली की बिल दाखवा, आम्ही मोफत पुसून देऊ.

तेवढ्यात तास संपला. तांडेलांनी हात पुढे केला. लेकीनं माझ्याकडे पाहिलं, मी होकाराची मान डोलावली. ते रस्त्याकडे, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून बसले होते. बोट ठिपक्यांवरून सरसर फिरलं, लहानपणी शिकलेली सही करावी तसं. फोन थरथरला. चूक. पुन्हा तासभर.

"उघडला?" त्यांनी विचारलं. लेक काउंटरवर दोन्ही तळवे दाबून उभी होती आणि नखं पांढरी पडली होती. मी कपाळाचा घाम पुसत पंखा वाढवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की दुकानाचं शटर ओढावं आणि मागच्या दारानं पळून जावं.

मग लेक एक गोष्ट बोलली. म्हणाली, आज त्यांनी वेगळंच काढलं. तलासरीला रोज असं काढतात. तिनं बिलबुकाच्या पाठीवर नऊ ठिपके देऊन आकृती काढली. मी शेजारी मघाशी पाहिलेली आकृती काढली. दोन्ही खरंच वेगळ्या. मी कपाळाला हात लावला. आता रोजची नवी आकृती म्हणजे संपलंच सगळं. हताश होऊन कागद बाजूला सारला, तो काउंटरवर फिरून आडवा झाला, आणि मी तो तिथेच दाबून धरला. आकृती एकच होती. फक्त फिरली होती. सलूनच्या खुर्चीसारखी.

तलासरीला बाबा कुठे बसतात, मी विचारलं. दारात, ती म्हणाली, उत्तरेकडे तोंड करून. मी तांडेलांसमोर उकिडवा बसलो.

"तांडेल, फोनमध्ये बोट फिरवता तेव्हा काय काढता?"

ते माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसे बघत राहिले. मग आवाज खाली आणला. "खाडीतून निघायचं. सरळ पश्चिमेला. खोल पाणी लागलं की उत्तरेला. मग परत." आणि लगेच लेकीला म्हणाले, "याला का सांगितलं मी?"

त्यांच्या घरची ओटी समुद्राकडे तोंड करून होती. तिथे फोनचा वरचा काठ म्हणजे पश्चिम. तांडेल जागच्या जागी होते, पश्चिम जागच्या जागी होती, आम्हीच त्यांना भलत्या बाजूला तोंड करून बसवत होतो आणि म्हणत होतो, की बाबा विसरले.

कागद फिरवून ती आकृती मला स्वतःला काढता आली असती. मी तसं म्हणालोही. पण लेक म्हणाली, नको, त्यांनाच काढू दे. मी दुकान उघडंच टाकलं. सलूनवाल्याला लक्ष ठेव म्हणून ओरडलो आणि आम्ही तिघं रिक्षात बसलो. रिक्षावाल्याला तांडेलांनीच सांगितलं, पश्चिमेला घे.

किनाऱ्याच्या कठड्यावर आम्ही त्यांना मध्ये बसवलं. आभाळ भरलेलं, पाणी गढूळ, शाकारलेल्या बोटी वाळूवर. तासातली शेवटची वीस मिनिटं बाकी होती. ती वीस मिनिटं मी कशी काढली ते विचारू नका. मनात सारखं येत होतं की मी फार हुशारी केली, आणि ही शेवटची चूक असली तर उद्या या मुलीला काय तोंड दाखवू. लेक पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. तांडेल तेवढे निवांत. भरती किती आली ते बघत होते.

वेळ संपली. तिनं फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकदा समोर पाहिलं, बोट खालच्या ठिपक्यावर टेकवलं, आणि बोट निघाली. सरळ वर, मग उजवीकडे. मी आता उजवीकडे म्हणतो, कारण मी तांडेल नाही.

फोन उघडला.

लेक रडली नाही. तिनं दोन्ही हातांनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाली, पटकन, दादा, पटकन. मी तिथेच कठड्यावर सगळी रेकॉर्डिंग तिच्या फोनमध्ये उतरवली, दोनदा तपासली आणि कुलूप काढून टाकलं. बंदी उठल्यावर तिच्या भावाची बोट सुटली आणि भरल्या जाळ्यानं परत आली, खडकाला न शिवता. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको.

माझा जीव अडकलाय तो त्या कठड्यावर. उतरवलेलं नीट आहे ना बघायला लेकीनं पहिलंच रेकॉर्डिंग लावलं होतं. फोनमधून तांडेल बोलायला लागले. गेल्या उन्हाळ्यातले तांडेल, आवाज भरदार, शब्द एकेक मोजून. सुळका चिमणीच्या मागे गेला की जाळं आवर, खाली खडक आहे, माझं पहिलं जाळं त्यानंच खाल्लं. शेजारी बसलेले तांडेल पुढे झुकले. भर समुद्रात वायरलेसवर दुसऱ्या बोटीचा आवाज यावा तसे कान देऊन ऐकत राहिले, मधूनमधून मान डोलावत.

"बरोबर सांगतोय," ते म्हणाले. "कुठली बोट?"

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आपलीच आहे, बाबा."

त्यांनी मान हलवली. आपल्या बोटीवर असा कोणी नाही, असता तर ओळखला असता. फोनमधला आवाज खोकला, श्वास घ्यायला थांबला, पुन्हा बोलू लागला. तांडेलांच्या कपाळावर आठी पडली.

"दमलाय तो. फार वेळ बाहेर आहे, एकटाच दिसतो," ते म्हणाले. "त्याला सांग, बाय. म्हणावं, आता परत फिर."

मी नजर पाण्याकडे वळवली. लेकीनं फोन तोंडाजवळ नेला.

"बाबा," ती त्यात म्हणाली, "परत फिरा."

फोनमधला आवाज पुढच्या खडकाकडे निघाला होता.